‘टर्की एक्स’ रोग (१९६०) : कारणमीमांसेच्या इतिहासातील एक प्रकरण

पाळीव पक्ष्यांच्या रोगांचा इतिहास हा बहुधा रोगजंतूंच्या शोधाचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि त्यास सबळ कारणही आहे. लुई पाश्चरने १८८०च्या सुमारास कोंबड्यांतील कॉलऱ्याचे जंतू क्षीण करून टोचले, तेव्हा रोगप्रतिबंधाचे एक नवे शास्त्र कोंबड्यांच्या खुराड्यातच जन्मास आले. पुढे १९२६ साली जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे, व त्यानंतरच्या वर्षी कुमाऊँच्या डोंगरांतील राणीखेत येथे, कोंबड्यांची सरसकट हानी करणाऱ्या एका रोगाची नोंद झाली. महाराष्ट्रातील कोंबडी पाळणारे ज्यास ‘मानमोडी’ म्हणतात तो हाच रोग होय. त्याच्या मुळाशी विषाणू असल्याचे सिद्ध झाले, लसी तयार झाल्या, आणि कळपात एकाएकी मोठी मर लागली की ती संसर्गाचीच असणार, ही धारणा पशुवैद्यांच्या मनात दृढ झाली.

या धारणेस इंग्लंडात १९६० साली उद्भवलेल्या एका रोगाने मोठाच छेद दिला. कारण कळत नाही, ही गोष्ट त्या रोगाच्या नावातच कबूल केलेली होती. त्यास ‘टर्की एक्स’ रोग असे म्हणण्यात आले. तीन वर्षांच्या आत कारण सापडले, विष वेगळे करण्यात आले, त्याची रासायनिक घडण निश्चित झाली, आणि हे प्रकरण शास्त्रीय संशोधनाच्या वेगवान यशाचे उदाहरण म्हणून पाठ्यग्रंथांत जाऊन बसले. ही रूढ कथा खोटी नाही; परंतु ती अपुरी आहे. पुराव्याची साखळी कशी जुळत गेली, तिचे काही दुवे आधीच उपलब्ध असूनही ते का जुळले नाहीत, आणि पक्ष्यांच्या बाबतीत कळलेली गोष्ट माणसांच्या बाबतीत पुन्हा नव्याने का शिकावी लागली, या तीन प्रश्नांचा विचार केल्याखेरीज या प्रकरणाचे ऐतिहासिक मर्म ध्यानी येत नाही.

(१) साथीचे स्वरूप

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये टर्कीपालनाचे स्वरूप पालटले. शेतावर चार-दोन पक्षी नाताळासाठी वाढवण्याची जुनी रीत मागे पडून हजारो पक्ष्यांचे बंदिस्त कळप उभे राहिले, आणि त्यांच्यासाठी गिरण्यांतून तयार होणारे मिश्रखाद्य सर्वत्र वापरात आले. या खाद्यातील प्रथिनांचा भाग स्वस्तात भागवण्यासाठी तेल काढून उरलेली भुईमुगाची पेंड घातली जाई. ब्रिटनमध्ये भुईमूग पिकत नाही. त्यामुळे ही पेंड ब्राझील, आफ्रिका व भारत अशा उष्ण प्रदेशांतून जहाजांनी येत असे. तात्पर्य, इंग्लंडातील एका टर्कीच्या चोचीत जाणारा घास कोणत्या खंडातून आला हे त्या पक्ष्याच्या मालकास ठाऊक नसे, आणि ठाऊक करून घेण्याची त्यास गरजही वाटत नसे.

१९६०च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या पूर्व व दक्षिण भागांतील कळपांत लहान टर्की पिल्ले मरू लागली. अवघ्या काही महिन्यांत मृतांची संख्या एक लाखावर गेली. पिल्ले खाणे सोडीत, मलूल होत, त्यांचे पंख लोंबू लागत, आणि बहुधा आठवड्याच्या आत ती मरत. मरतेसमयी पुष्कळ पिल्लांची मान मागे ताणलेली व पाय मागे लांबवलेले दिसत. शवविच्छेदनात यकृतात रक्तस्राव व पेशींचा नाश आढळे, मूत्रपिंडे सुजलेली असत; आणि सूक्ष्मदर्शकाखाली यकृतातील पित्तनलिकांच्या पेशींची विलक्षण वाढ झालेली दिसे. पुढे बदकांची व फेझंट पक्ष्यांची पिल्लेही याच रीतीने मरू लागली.

प्रथम संशय अर्थातच संसर्गावर आला. परंतु मृत पक्ष्यांच्या शरीरातून कोणताही जंतू वा विषाणू सातत्याने हाती लागेना, आणि आजारी पक्ष्यांच्या सान्निध्याने निरोगी पक्ष्यांस रोग जडेना. ज्ञात विषांसाठी केलेल्या तपासण्याही निष्फळ ठरल्या. यकृतातील विकृती काही विषारी रानवनस्पतींच्या अल्कलॉइडांमुळे गुराढोरांत होणाऱ्या विकृतीशी मिळतीजुळती होती. म्हणून त्या दिशेनेही शोध झाला, पण असे अल्कलॉइड खाद्यात आढळले नाही. तथापि हे साम्य निरर्थक नव्हते. विकृती विषाची आहे, संसर्गाची नव्हे, असा कौल मृत पक्ष्यांच्या यकृतानेच दिला होता.

(२) पेंडीचा माग

पुढील पाऊल प्रयोगशाळेत नव्हे, तर नकाशावर व हिशेबाच्या वह्यांत पडले. एका मोठ्या खाद्यकंपनीचे कुक्कुटतज्ज्ञ डब्ल्यू. पी. ब्लाउंट यांनी साथीचा पसारा तपासला असता असे दिसून आले की बहुतेक बाधित कळप लंडनपासून सुमारे शंभर मैलांच्या परिघात असून त्यांचे खाद्य लंडनमधील एकाच गिरणीतून आले होते. एवढ्यावरून दोष त्या गिरणीचा आहे असा निष्कर्ष निघू शकला असता. परंतु दूरच्या चेशर परगण्यातही काही कळप दगावले होते, आणि त्यांचे खाद्य दुसऱ्याच गिरणीतले होते. दोन्ही ठिकाणच्या खाद्यांत समान असा घटक एकच निघाला, तो म्हणजे ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड. ‘रोझेटी’ नावाच्या जहाजातून हा माल आला असल्यामुळे संशोधकांच्या लिखाणात ती ‘रोझेटी पेंड’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. ही पेंड निरोगी पिल्लांना खाऊ घालताच रोग हुबेहूब उत्पन्न झाला, आणि ती काढून टाकताच मर थांबली.

या तर्कपद्धतीचे मोल येथे ध्यानात घ्यावयास हवे. चेशरचा अपवाद हाच या शोधातील निर्णायक पुरावा होय. शंभर कळप एकाच गिरणीकडे बोट दाखवीत असता दोन-चार कळपांनी ते बोट पेंडीकडे वळवले.

याच सुमारास पूर्व आफ्रिकेत बदकांची पिल्ले तशाच विकृतीने मरत असल्याचे कळून आले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलच्या पेंडीचा अंशही नव्हता. भुईमूग पूर्व आफ्रिकेतलाच होता. चेशरने जसा गिरणीवरील आरोप खोडून काढला, तसाच पूर्व आफ्रिकेने ब्राझीलवरील आरोप खोडून काढला. दोष एका देशाच्या मातीचा वा एका जहाजाचा नसून भुईमुगास कोठेही जडू शकणाऱ्या एखाद्या गोष्टीचा असला पाहिजे, असे अनुमान आता अपरिहार्य झाले. पुढील तपासण्यांत भारतासह अनेक देशांच्या पेंडीचे काही नमुने विषारी निघाले, तेव्हा या अनुमानास पुष्टीच मिळाली.

(३) बुरशी आणि तिचे विष

विषाचा शोध घ्यावयाचा तर ते मोजण्याचे काही साधन हवे. ते साधन वेब्रिज येथील केंद्रीय पशुवैद्यक प्रयोगशाळेत एफ. डी. अ‍ॅस्प्लिन व आर. बी. ए. कार्नाघन यांनी पुरवले. निरनिराळ्या पक्ष्यांना विषारी पेंड चारून पाहता त्यांना असे आढळले की कोंबडीची पिल्ले त्यातल्या त्यात टिकाव धरतात, टर्कीची पिल्ले सहज बळी पडतात, आणि बदकाचे एक दिवसाचे पिल्लू तर अत्यल्प मात्रेनेही बाधित होते. पेंडीचा अर्क अशा पिल्लास पाजल्यास थोड्याच दिवसांत त्याच्या यकृतात पित्तनलिकांची वाढ दिसू लागे. अशा रीतीने बदकाचे पिल्लू हेच रसायनज्ञांचे मोजमाप झाले. भारतीय वाचकास अ‍ॅस्प्लिन यांचे नाव वेगळ्या संदर्भातही परिचित असावे. मानमोडीविरुद्ध पिल्लांना दिली जाणारी ‘एफ’ वाणाची सौम्य लस ज्या विषाणूपासून निघाली, त्याचे वर्णन त्यांनीच १९५२ साली प्रसिद्ध केले होते. संसर्गाचा हा अभ्यासक आठ-नऊ वर्षांनी अन्नविषाच्या शोधात अग्रभागी असावा, हा योगायोग लक्षणीय आहे.

विषारी पेंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता तीत बुरशीचे तंतू आढळले. तथापि जिवंत बुरशी मात्र तिच्यातून फारशी उगवेना. कारण तेल काढताना लागणाऱ्या उष्णतेने ती आधीच मेलेली होती. येथे तपास पुन्हा अडला असता. पण युगांडातील भुईमुगाच्या अतिशय विषारी दाण्यांतून एक बुरशी जिवंत मिळाली, ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असल्याचे ठरले, आणि निर्दोष भुईमुगावर ती वाढवली असता तेच विष निर्माण झाले. लंडनच्या उष्णप्रदेशीय उत्पादन संस्थेतील के. सार्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्नाघन यांच्यासह १९६१च्या अखेरीस हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बुरशी मेली तरी तिचे विष मागे उरते, आणि ते स्वयंपाकाच्या वा गिरणीच्या साध्या उष्णतेने नष्ट होत नाही, ही गोष्ट यातून प्रस्थापित झाली. अपराधी निघून गेल्यावर अपराध चालूच राहावा, असाच हा प्रकार होता.

बुरशीच्या नावावरून विषास ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. अतिनील किरणांखाली त्याचे अंश चकाकतात. निळे चकाकणारे ते ‘बी’ व हिरवे चकाकणारे ते ‘जी’ असे, इंग्रजी रंगनामांच्या आद्याक्षरांवरून, त्यांचे वर्गीकरण झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत जी. ब्यूखी व जी. एन. वोगन यांच्या गटाने १९६३ साली त्यांची रासायनिक घडण निश्चित केली. बदकाच्या एक दिवसाच्या पिल्लाच्या बाबतीत ‘बी-१’ची मारक मात्रा वजनाच्या दर किलोग्रॅमला सुमारे ०.३६ मिलिग्रॅम इतकी अल्प असल्याचे कार्नाघन यांनी दाखवून दिले. आता बदकाच्या पिल्लावाचूनही विष ओळखता येऊ लागले. काचेच्या पट्टीवरील चकाकणारा ठिपका पुरेसा ठरू लागला.

(४) न जुळलेले दुवे

येथवरची कथा सरळ रेषेत जाते. परंतु १९६०च्या आधीची नियतकालिके पाहिल्यास निराळेच चित्र दिसते. अमेरिकेच्या दक्षिणपूर्व भागात कुत्र्यांमध्ये यकृतदाहाची एक गूढ साथ आली होती. १९५२ साली सीबोल्ड व बेली यांनी तिचे वर्णन केले आणि तिलाही ‘हेपॅटायटिस एक्स’ असे अज्ञातवाचक नाव मिळाले. त्याच प्रदेशात बुरसलेला मका खाऊन डुकरे व गुरे मरत होती. १९५७ साली बर्नसाइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्यावरील बुरशा वेगळ्या करून, त्यांची शुद्ध वाढ डुकरांना चारून रोग उत्पन्न केला. त्या बुरशांमध्ये अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस होती. इंग्लंडातही प्रयोगशाळांतील गिनिपिगांत विशिष्ट खाद्यामुळे यकृताचा विकार होत असल्याचे १९५०नंतरच्या दशकात नमूद झाले होते, आणि त्या खाद्यात भुईमुगाची पेंड होती.

म्हणजेच टर्कीची पिल्ले मरू लागण्यापूर्वी तीन वर्षे खरा अपराधी छापील पानांवर नावानिशी आलेला होता. मग इंग्लंडातील संशोधकांस तो का दिसला नाही? त्यांची उदासीनता हे याचे कारण खचित नव्हे. ज्ञान त्या काळी प्राण्यांच्या जातींनुसार व खाद्यांनुसार वाटलेले होते. कुत्र्यांचा रोग कुत्र्यांच्या वैद्यांचा, मक्याचा रोग डुकरांच्या वैद्यांचा, गिनिपिगांचा विकार प्रयोगशाळेच्या व्यवस्थापनाचा. ‘यकृतावर आघात करणारे बुरशीचे विष’ असा कप्पाच अस्तित्वात नसल्याने या नोंदी एकत्र ठेवण्यास जागा नव्हती. राय धान्यावरील अर्गट बुरशीने होणारा विकार यूरोपास शतकानुशतके ठाऊक होता, आणि सोव्हिएत संघात बुरसलेल्या गवतामुळे घोडे व हिवाळाभर शेतात राहिलेल्या धान्यामुळे माणसे दगावल्याचे अनुभव ताजे होते. परंतु हे सारे स्थानिक विक्षेप मानले गेले. एक लाख टर्की पिल्लांच्या मरणाने जे साधले ते बुरशीचा शोध एवढेच नव्हे, तर हा नवा कप्पा तयार होणे हे होय. तो तयार होताच जुन्या नोंदी आपोआप त्यात येऊन बसल्या.

या संदर्भात आर्थिक बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. विखुरलेल्या शेतांवरील डुकरांचे मरण हे त्या त्या शेतकऱ्याचे दुर्दैव ठरते. केंद्रित धंद्यातील कळपांचे मरण हे आकडेवारीत उमटते. ज्या गिरणीव्यवस्थेने एकच विषारी माल शेकडो कळपांपर्यंत पोहोचवला, त्याच व्यवस्थेच्या वह्यांमुळे त्या मालाचा मागही लागला. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाने संकट वाढवले आणि ते दृश्यमानही केले.

(५) कळपापासून मनुष्यापर्यंत

प्रश्न पक्ष्यांपुरता नाही हे फार लवकर उघड झाले. १९६१ साली लँकेस्टर, जेंकिन्स व फिल्प यांनी रोझेटी पेंड आहारात वीस टक्के घालून उंदरांना सहा महिने चारली. अकरा उंदरांपैकी नऊ उंदरांच्या यकृतात अर्बुदे उत्पन्न झाली. टर्कीचा मारक रोग आणि यकृताचा कर्करोग हे एकाच पेंडीचे दोन परिणाम असू शकतात, ही कल्पना येथून पुढे आली. लगेचच वेब्रिज येथे असेही दिसून आले की विषारी पेंड खाणाऱ्या गाईंच्या दुधात एक विषारी अंश उतरतो व ते दूध बदकांच्या पिल्लांना बाधते.

भारताच्या दृष्टीने हा शोध विशेष अडचणीच्या वेळी आला. भुईमुगाची पेंड ही देशाच्या निर्यातीतील एक बाब होती. शिवाय कुपोषित बालकांच्या आहारातील प्रथिनांची तूट भुईमुगाच्या पिठाने स्वस्तात भरून काढता येईल, असा विचार त्या काळी जोर धरून होता. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन, पी. जी. तुळपुळे व टी. व्ही. माधवन यांनी अल्पवयीन माकडांना हे विष देऊन त्यांच्या यकृतावर होणारे गंभीर आघात दाखवून दिले. १९६४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माधवन व गोपालन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत आणखी एक विलक्षण गोष्ट निघाली. आहारात प्रथिने कमी असता विषाचा तत्काळ होणारा यकृतघात अधिक तीव्र होतो. उलट कालांतराने होणारी अर्बुदे मात्र कमी आढळतात. अर्थात ज्या बालकांना प्रथिने द्यावयाची, तीच विषाच्या तत्काळ परिणामास अधिक बळी पडण्याचा संभव होता. पुढे १९६६ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या प्रथिन सल्लागार गटाने अशा पिठातील विषाची मर्यादा किलोग्रॅमला ३० मायक्रोग्रॅम अशी सुचवली. विष शून्यावर आणणे शक्य नाही आणि पीठ टाकून देणेही शक्य नाही, या दोन अडचणींमधली ती तडजोड होती.

एवढे सारे ज्ञात असूनही १९७४च्या अखेरीस जे घडले ते या इतिहासातील सर्वांत कटू पान होय. गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या शेजारच्या जिल्ह्यांत, दीडशेहून अधिक गावांत, कावीळ व जलोदराची साथ उद्भवली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. कावीळीची साथ म्हटली की विषाणूचा संशय प्रथम यावा, हे स्वाभाविकच होते. परंतु त्याच घरांतील कुत्रीही त्याच विकाराने मरत होती, आणि ही घरे प्रामुख्याने मक्यावर गुजराण करणाऱ्या गरीब आदिवासींची होती. अवेळी पडलेल्या पावसाने कापणीचा मका भिजला होता. तो नीट न वाळवता साठवला गेला आणि दुसरे धान्य नसल्याने तोच खाल्ला गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील के. ए. व्ही. आर. कृष्णमाचारी, रमेश भट प्रभृतींनी त्या मक्याची तपासणी केली, तेव्हा त्यात किलोग्रॅमला ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम इतके विष निघाले. प्रथिन सल्लागार गटाने सुचवलेल्या मर्यादेच्या ते कित्येक शेपट होते.

इंग्लंडातील टर्कींच्या बाबतीत जो तर्क चालला तोच येथे चालला: संसर्गाचा संशय, त्यास न जुमानणारी एक खूण, सामाईक अन्न, आणि त्या अन्नातील बुरशी. परंतु एक भेद आहे. टर्कीच्या कळपास पेंड बदलून देता आली. त्या गावांतील माणसांजवळ बदलण्यास दुसरा मका नव्हता. २००४ साली केनियात मक्यामुळेच ३१७ जण बाधित होऊन १२५ मृत्यू झाले, तेव्हाही परिस्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. यकृताच्या कर्करोगाशी असलेला या विषाचा संबंध पुढे इतका दृढ ठरला की आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ साली त्यास मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या वर्गात घातले. तथापि दारिद्र्य हे त्या साखळीतील कारण प्रयोगशाळेतील काचेच्या पट्टीवर चकाकत नाही.

(६) उरलेला प्रश्न

शेवटी मूळ रोगाकडे वळणे अवश्य आहे; कारण ‘एक्स’चे उत्तर सर्वस्वी पूर्ण नव्हते. मरणाऱ्या पिल्लांची मान मागे ताणली जाणे हे लक्षण अफ्लाटॉक्सिनच्या प्रयोगांतून समाधानकारकपणे उलगडत नव्हते. १९६८ साली दक्षिण आफ्रिकेत बुरशीपासून सायक्लोपायाझोनिक आम्ल नावाचे दुसरे विष मिळाले, आणि अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसचे पुष्कळ वाण तेही निर्माण करतात असे पुढे आढळले. १९८६ साली आर. जे. कोल यांनी जुन्या वर्णनांची फेरतपासणी करून टर्की रोगात या दुसऱ्या विषाचाही वाटा असावा, असे प्रतिपादन केले. आणि १९९४ साली जपून ठेवलेल्या मूळ पेंडीच्या नमुन्यात ते आम्ल आढळल्याचे ब्रॅडबर्न प्रभृतींनी प्रसिद्ध केले. १९६०च्या संशोधकांनी लक्षण प्रामाणिकपणे टिपून ठेवले व पेंडीचा नमुना फेकून दिला नाही, म्हणूनच चौतीस वर्षांनंतर हा प्रश्न पुन्हा विचारता आला.

संसर्ग आणि अन्नविष ही दोन कारणे एकमेकांपासून पूर्णतः अलग आहेत, ही समजूतही टिकली नाही. १९७० साली पिअर व हेडल्स्टन यांनी असे दाखवून दिले की अल्प प्रमाणात अफ्लाटॉक्सिन खाणाऱ्या टर्कींना पाश्चरेला जंतूंची लस टोचली असताही त्यांची प्रतिकारशक्ती दुबळी राहते. ज्या रोगापासून पाश्चरने प्रतिबंधक लसीकरणाचा आरंभ केला, त्याच रोगाची लस खाद्यातील विषाने निष्प्रभ व्हावी, हे अर्थपूर्ण आहे. कळप जेव्हा लस देऊनही मरतो, तेव्हा त्याच्या मरणाचे कारण जंतूच्या नावात शोधावे की त्याच्या घमेल्यातील दाण्यात, याचे उत्तर अनेकदा ‘दोन्हींत’ असेच द्यावे लागते.

‘टर्की एक्स’ रोगाच्या इतिहासापासून जे हाती लागते ते इतकेच की रोगाचे कारण ही बहुधा एक वस्तू नसून एक साखळी असते: भिजलेले शेत, न वाळलेला दाणा, त्यावरची बुरशी, जहाज, गिरणी, आणि शेवटी पिल्लाचे यकृत. संशोधक या साखळीतील ज्या दुव्यापाशी थांबतो त्यास कारण असे नाव मिळते. वेब्रिज व लंडन येथील संशोधक बुरशीच्या विषापाशी थांबले, आणि टर्कींच्या रक्षणास तेवढे पुरेसे होते. पंचमहाल व बांसवाडा येथील मृत्यूंनी मात्र हे दाखवून दिले की माणसांच्या बाबतीत त्या दुव्यापाशी थांबणे पुरेसे नाही. साखळी मागे मागे पाहत भिजलेल्या शेतापर्यंत व रिकाम्या कोठारापर्यंत जावे लागते.